अदब आणि झुकलेली मान

उर्दू शाळांच्या भिंतींवर एक वाक्य हमखास आढळते : 'बाअदब बानसीब, बेअदब बेनसीब.' अदब राखणारा नशीबवान, न राखणारा अभागी. विद्यार्थी असताना मी ते वाचले, शिक्षक झाल्यावर मुलांकडून पाठ करून घेतले. म्हणूनच थायलंडच्या नेतिवित चोतिपतपैसाल या विद्यार्थ्याची हकिकत प्रथम वाचली, तेव्हा मला त्याच्या प्राध्यापकांचेच म्हणणे पटले.

बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचा शपथविधी होतो. राजा चुलालोंगकोर्न आणि त्याचा पुत्र वजिरावुध यांच्या पुतळ्यांसमोर मुले गुडघे टेकून जमिनीला माथा लावतात. ३ ऑगस्ट २०१७ रोजी नेतिवितने तसे केले नाही. तो विद्यार्थी परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष होता. काही सोबत्यांसह त्याने उभ्यानेच मान लववली आणि तो तेथून निघून गेला. त्याच्या एका सोबत्याची मान एका प्राध्यापकाने काखेत आवळून धरली. त्याच महिन्यात विद्यापीठाने त्यांचे वर्तणुकीचे गुण कापले आणि त्यामुळे नेतिवितचे अध्यक्षपदही गेले. देशात तेव्हा लष्कराची राजवट होती. २०१४ च्या मे महिन्यात सेनेने सत्ता हाती घेतली होती.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मुलगा उद्धट असावा. पण या कथेला एक जुना धागा आहे. ज्या राजाच्या पुतळ्यापुढे हे सारे घडले, त्याच राजाने १८७३ साली दरबारातली लोटांगणाची प्रथा बंद केली होती. माणसाने माणसापुढे असे जमिनीवर पडणे हा जुलूम आहे, असे त्याचे मत होते. तेव्हा राजाचे वय वीस वर्षांचे होते. पुतळ्यासमोर ताठ उभा राहिलेला नेतिवितही विसाच वर्षांचा होता. मग राजाचा अदब खरा कोणी राखला? त्याची मूर्ती पुजणाऱ्यांनी, की त्याचा हुकूम पाळणाऱ्याने?

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. जी मुले मनापासून झुकली, त्यांच्या श्रद्धेचे काय? दुसऱ्याच्या भक्तीच्या क्षणी उठून जाणे हे असभ्यपणाचे नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. नेतिवितने कोणाला झुकण्यापासून अडवले नाही, कोणाची टवाळी केली नाही. त्याने आपल्या पद्धतीने मानही दिला. सजद्याची किंमत नियतीवर असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याला न झुकण्याची मोकळीकच नाही, त्याच्या झुकण्यात नियत शोधायची कुठे? न झुकणाऱ्याला शिक्षा झाली की झुकणाऱ्याची श्रद्धासुद्धा संशयास्पद होते. थायलंडच्या कायद्यात राजाच्या अवमानाला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. असा कायदा असताना लोकांच्या मनातले प्रेम राजाला तरी कसे कळावे?

विद्यार्थ्यांनी २०२१ साली नेतिवितला पुन्हा अध्यक्ष निवडले. २०२२ साली विद्यापीठाने त्याला पुन्हा काढले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याने सक्तीच्या लष्करी भरतीला जाहीर नकार दिला आणि खटल्याची जोखीम पत्करली. पळवाट त्याने शोधली नाही.

हे सारे लिहिताना मला माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. त्याने विचारले होते, "सर, आप आते हैं तो हम खड़े होते हैं. चपरासी चाचा आते हैं तो क्यों नहीं?" वर्ग हसला. मला राग आला. मी त्याला तासभर बाहेर उभे केले आणि प्रगतिपुस्तकात वर्तणुकीच्या रकान्यात लिहिले : सुधारणा आवश्यक.

बँकॉकमधल्या त्या प्राध्यापकाच्या हातात एका मुलाची मान होती, माझ्या हातात लेखणी होती. फरक मला वाटत होता तेवढा मोठा नाही.

भिंतीवरचे वाक्य मी पुसणार नाही. ते खोटे नाही. पण अदब मागणाऱ्यावरही काही बंधन असते, ते त्या वाक्यात लिहिलेले नाही. त्या मुलाचा प्रश्न सरळ होता आणि मी उत्तर देण्याऐवजी शेरा दिला. उत्तर अजून माझ्याकडे बाकी आहे.