दोन शनिवारांची बेरीज

एक मुलगी मार्चमध्ये सॅट ही अमेरिकी कॉलेजप्रवेशाची परीक्षा देते. इंग्रजीत ७००, गणितात ६४०, एकूण १३४०. ऑक्टोबरात पुन्हा बसते. गणित ७२०वर जातं, इंग्रजी ६५०वर घसरतं, एकूण १३७०. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत तिच्या नावापुढे लागतात १४२०: मार्चचं इंग्रजी, ऑक्टोबरचं गणित. एवढे गुण तिला कुठल्याच शनिवारी मिळालेले नसतात. याला तिकडे सुपरस्कोअर म्हणतात. यात लपवाछपवी काही नाही. एमआयटीसुद्धा प्रत्येक विभागातला सर्वोत्तम गुणच विचारात घेते.

न्यू जर्सीतल्या नातीचा हा हिशेब फोनवर ऐकून सांगलीच्या आजोबांनी ‘म्हणजे मिळाले नक्की किती?’ असं विचारलं, तर त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे जेईई मेन वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतला वरचा स्कोअर धरतात. पण जानेवारीचं गणित एप्रिलच्या फिजिक्सला जोडून द्या म्हणालात तर कोणी दारात उभं करणार नाही. आपली श्रद्धा त्या दिवसाच्या आकड्यावर, तीही दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत.

त्या सात घरांपेक्षा अमेरिकन पद्धत एका बाबतीत प्रामाणिक आहे, हे आधी मान्य करू. सॅट घेणारं कॉलेज बोर्ड स्वतःच सांगतं की विभागाचा गुण म्हणजे एक पट्टा. तीस-चाळीस गुण इकडे किंवा तिकडे. तीच मुलगी, तेवढीच तयारी, पण त्या दिवशी झोप झाली नाही किंवा उतारा नेमका नावडत्या विषयावर आला, की ६७०चे ६४० होतात. एका सकाळवर कोणाचं भवितव्य टांगू नये, हे सुपरस्कोअरमागचं म्हणणं पटण्यासारखंच आहे.

गडबड पुढे आहे. आकडा हलता असेल तर दोन आकड्यांची सरासरी काढावी, असं शाळेतलं गणित सांगतं. कॉलेजं सरासरी काढत नाहीत, सर्वांत मोठा आकडा उचलतात. लुडोचा फासा एकदा टाकला तर सरासरी साडेतीन पडतात. दोनदा टाकून मोठं दान धरलं तर जवळपास साडेचार, तीनदा टाकून धरलं तर जवळपास पाच. फासा तोच, हातही तोच. म्हणजे वाढलेल्या गुणांत काही वाटा अभ्यासाचा, काही नुसता पुन्हा बसण्याचा, आणि कुठला किती हे १४२० पाहून सांगता येत नाही.

मग पुन्हा बसतं कोण? जोशुआ गुडमन, ओडेड गुरान्ट्झ आणि जोनाथन स्मिथ या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. सॅट देणाऱ्यांपैकी निम्मीच मुलं दुसऱ्यांदा बसतात, आणि गरीब घरांत हे प्रमाण आणखी कमी. त्यांना एक मजेशीर गोष्टही सापडली. शंभराच्या पटीच्या जरा खाली अडकलेली मुलं जास्त संख्येने परत बसतात. ११९०वाल्याला चुटपुट लागते, १२००वाला निवांत होतो. या मानवी खोडीचाच आधार घेऊन त्यांनी दाखवलं की दुसऱ्या प्रयत्नाने गुण चांगलेच वाढतात, चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याची शक्यता वाढते, आणि जास्त फायदा होतो तो गरीब आणि अल्पसंख्य मुलांना. ज्यांना सर्वांत उपयोग, तीच मुलं सर्वांत कमी वेळा बसतात.

फी हे कारण आहेच, पण पुरेसं नाही. गरिबांना दोन वेळा फीमाफी मिळते. मिशिगनसारख्या राज्यात तर अकरावीतल्या सगळ्यांची सॅट शाळेतच, शाळेच्या वेळात, सरकारी खर्चाने होते. पहिला शनिवार असा परस्पर सुटतो. दुसऱ्यासाठी मात्र नोंदणीची तारीख कोणाच्या तरी लक्षात हवी, सकाळी केंद्रावर सोडायला गाडी हवी, दुकानातल्या पाळीला सुट्टी हवी. आणि मुळात ‘पुन्हा बस, चालतं’ असं सांगणारं घरात कोणीतरी हवं. आपल्या स्थलांतरित मराठी घरांत बाकी काही कमी असेल, हे सांगणाऱ्यांची कमतरता नाही.

कॉलेजांना हे कळत नाही असं मानणं भोळेपणाचं होईल. ड्यूक विद्यापीठाच्या चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि जेकब विग्डोर यांनी २००३ मध्येच लिहिलं होतं की सर्वोच्च गुण धरण्याच्या धोरणात, ज्यांना पुन्हा बसणं महाग पडतं त्यांचा तोटा होतो. तरी धोरण टिकलं, कारण ते कॉलेजांच्या सोयीचं आहे. कॉलेजं आपली माहिती ‘कॉमन डेटा सेट’ नावाच्या ठरावीक तक्त्यात भरतात. तुम्ही गुणांची सर्वोत्तम जोडणी वापरत असाल तर तीच इथे कळवा, अशी त्यातली सूचना आहे. म्हणजे मुलीचे १४२० हे कॉलेजचेही १४२०, आणि क्रमवारी लावणारे तेच वाचणार. कायद्याच्या शिक्षणात तर हे उघडच झालं. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची संघटना लॉ स्कूलांकडून एलसॅट या प्रवेशपरीक्षेच्या सरासरी गुणांचा हिशेब मागत होती, तोवर कॉलेजं सरासरी बघत. २००६ मध्ये तिने सर्वोच्च गुण मागायला सुरुवात केली, आणि सरासरीवर विश्वास असणाऱ्या अनेक कॉलेजांचा विश्वास लगोलग बदलला.

यावर एक उपाय कॅलिफोर्निया विद्यापीठाचा: परीक्षेचे गुण बघायचेच नाहीत. मला तो पटत नाही. कोविडात सोडलेली सॅट एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, ती साध्या शाळेतली हुशार मुलं गुणांमुळे नजरेस पडतात असं सांगून. ते म्हणणं वजनदार आहे. सरासरी हाही उपाय नाही, कारण मग पहिल्यांदा घसरलेला मुलगा पुन्हा बसायलाच घाबरेल. जॉर्जटाउन विद्यापीठ आजवर सगळ्या बैठकांचे गुण मागत आलं आहे. कोणते गुण पाठवायचे ते विद्यार्थ्याने ठरवावं, ही मुभा कॉलेज बोर्डाने २००९ मध्ये दिली तरीही. अनेक पालकांना तो जाच वाटतो. मला तेच सर्वांत सरळ वाटतं. सर्वोच्च गुण खुशाल धरा, पण ते किती बैठकांत आले हे अर्ज वाचणाऱ्यासमोर असू द्या. पहिल्याच खेपेत, कामाची पाळी सांभाळून आणलेले १३४० आणि चार शनिवारांतून वेचलेले १४२० हे दोन्ही त्याने पाहावेत आणि मग ठरवावं. कॉमन डेटा सेटमध्ये त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल. गुण, त्यांची टक्केवारी, मधला आकडा, सगळं त्यात आहे. बैठका किती, हे अजून कोणी विचारलेलं नाही.