अंधपंगुन्याय आणि विखुरलेल्या मुलांचे शिक्षण

ज्ञानाचे साधन म्हणून भारतीय विचारपरंपरेने डोळ्याला फार वरचे स्थान दिले आणि त्यामुळेच अंधत्व हे तिच्या भाषेत अज्ञानाचे रूपक होऊन बसले. एका आंधळ्याने दुसऱ्या आंधळ्याला वाट दाखवावी, हा अंधपरंपरान्याय प्रमाणाशिवाय चालत आलेल्या समजुती खोडून काढण्यासाठी वापरला गेला. महानुभावांच्या दृष्टांतपाठात हत्ती चाचपणारे आंधळेही अपुऱ्या ज्ञानाचेच उदाहरण म्हणून येतात. या सर्व न्यायांत एकच न्याय निराळा आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष आणि प्रकृती, म्हणजे पाहणारे पण काही न करणारे चैतन्य आणि करणारी पण न पाहणारी सृष्टी, यांचा संयोग आंधळा आणि पांगळा यांच्या सोबतीसारखा सांगितला आहे: आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो, पांगळा वाट सांगतो आणि दोघेही मुक्कामी पोहोचतात. येथे आंधळ्याजवळ गती आहे, सामर्थ्य आहे आणि डोळस सोबत्यालाही त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

गौडपादांच्या भाष्यात या दृष्टांताला एक पूर्वकथा आहे. हे दोघे एका तांड्याबरोबर प्रवास करीत होते. चोरांचा हल्ला झाला, तांडा पांगला आणि आप्तांनी टाकून दिल्यामुळे ते भटकत राहिले. म्हणजे त्यांची सोबत तांड्याने आपले कर्तव्य सोडल्यानंतर सुरू होते. तत्त्वज्ञांना पुढच्या संयोगात रस असल्यामुळे त्यांनी या सुटलेल्या कर्तव्याची चौकशी केली नाही. दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्याला मात्र ती करावीच लागते, कारण तांड्याने सोबत सोडली नसती तर काय व्हायला हवे होते, हाच येथे खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या आड पहिल्यांदा येतो तो कर्मसिद्धांत. मुलाचे अंधत्व हे त्याचे प्रारब्ध, म्हणजे पूर्वकर्माचा फळ देऊ लागलेला भाग, असे म्हणून घरचे आणि गावचे लोक अनेकदा स्वतःची समजूत घालतात. हा सिद्धांत मान्य करणाऱ्यानेही त्याची पूर्ण मांडणी लक्षात घ्यायला हवी: प्रारब्ध ज्याचे त्याचे असते, तसेच क्रियमाण, म्हणजे आज हातून घडत असलेले कर्मही ज्याचे त्याचेच असते. मुलाला अक्षरओळख न देणे हे त्या मुलाचे प्रारब्ध ठरत नाही. ते शेजाऱ्याचे, शिक्षकाचे, ग्रामपंचायतीचे क्रियमाण ठरते. दुःखाच्या कारणाचा शोध घेणारे तत्त्व कर्तव्यातून सुटका देत नाही, आणि ज्यांनी ते तसे वापरले त्यांनी सिद्धांताचा अर्धाच भाग घेतला, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दुसरा अडथळा अधिक सौम्य, म्हणून अधिक चिवट आहे. तो दानाचा आहे. दान केव्हा, किती आणि कोणाला द्यायचे हे दात्याच्या मर्जीवर राहते, परंतु सात वर्षांच्या मुलाची बोटे ब्रेलचे ठिपके ओळखायला शिकतात तो काळ कोणाच्या मर्जीसाठी थांबत नाही. वैदिक परंपरेत याहून नेमकी कल्पना उपलब्ध आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे आणि त्यांपैकी ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. मिळालेली विद्या पुढे सोपवणे हा त्या परतफेडीचाच भाग परंपरेने मानला. अंध मुलाला शिकवणे या ऋणात मोडते. ऋणाला ठरलेला देणेकरी असतो, मुदत असते आणि ते चुकवल्याबद्दल कोणी आभारांची अपेक्षा करीत नाही. भारतीय कायदाही आता याच दिशेने आला आहे: 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

मात्र हे ऋण एकट्या गावाला फेडता येत नाही, आणि नळदुर्गसारख्या ठिकाणी हे विशेष जाणवते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, बोरी नदीकाठचे हे गाव धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्या असलेला हा जिल्हा आठ तालुक्यांत पसरलेला आहे आणि 2018 मध्ये नीती आयोगाने त्याला आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिल्यामुळे विशेष लक्ष द्यावयाच्या जिल्ह्यांत घेतले. बालपणीचे अंधत्व विरळ असते. एका वस्तीत असे एखादेच मूल असते, पुढच्या कित्येक गावांत एकही नसते, आणि अल्पदृष्टीचे, म्हणजे चष्मा लावूनही बेताचेच दिसणारे मूल तर अनेकदा केवळ मंद म्हणून शेवटच्या बाकावर बसवले जाते. एका मुलासाठी प्रत्येक गावाने ब्रेल जाणणारा शिक्षक नेमणे शक्य नाही. सर्व मुलांना दूरच्या निवासी शाळेत पाठवावे, तर सहा वर्षांच्या मुलाला आईपासून आणि गावापासून तोडावे लागते.

निवासी शाळांचे ऋण कोणी नाकारू नये. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या अंधशाळांनी आणि 1952 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेने, ज्या काळी दुसरे कोणी नव्हते त्या काळी हे काम उभे केले. त्याच 1952 साली जन्मलेल्या दृष्टिबाधितांच्या शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जगाची विभागवार वाटणी करून काम चालवले, त्यामागेही हीच जाणीव होती की मुले विखुरलेली असतील तर ज्ञानाने फिरले पाहिजे.

फिरण्याची आणि वाटून घेण्याची ही रीत नळदुर्गला परकी नाही. येथील खंडोबा एक आणि मंदिरे दोन आहेत: वर्षातील सुमारे सव्वादहा महिने मूर्ती शेजारच्या अणदूरला असते, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला, आणि मूर्ती नेण्यापूर्वी दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. भक्ती कमी पडते म्हणून हा करार नसतो. भक्ती दोन्हीकडे उदंड आहे, म्हणूनच कोणाकडे केव्हा आणि कोणत्या जबाबदारीने हे ठरवून ठेवावे लागते. करुणेलाही असाच करार लागतो. फिरता विशेष शिक्षक, म्हणजे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून ठरलेल्या वारी निरनिराळ्या शाळांत जाणारा शिक्षक, ही योजना कागदावर जुनी आहे. तिला ठरलेला वार, प्रवासखर्च आणि न आल्यास विचारणारे कोणी असेल, तरच ती मुलापर्यंत पोहोचते.

या जाळ्यात काय काय फिरायला हवे, याचाही विचार हवा. सहा ठिपक्यांच्या ब्रेललिपीतले एक पाठ्यपुस्तक अनेक जाड खंडांचे होते, म्हणून प्रत्येक शाळेने संच विकत घेण्याऐवजी ते वर्गामागून वर्ग पुढे सरकले पाहिजेत. ब्रेल पाटी, गणितासाठी टेलर फ्रेम, पांढरी काठी आणि ती धरून चालण्याचे प्रशिक्षण, मोठ्या अक्षरांची पुस्तके, संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, परीक्षेला लेखनिक: यांतील प्रत्येक गोष्ट कोणाकडे तरी आहे, पण एकाच ठिकाणी नाही. 2013 च्या माराकेश कराराने, जो भारताने 2014 मध्ये सर्वांत आधी स्वीकारला, वाचता येण्याजोग्या रूपातली पुस्तके देशांच्या सीमा ओलांडून देण्याची वाट मोकळी केली. ती वाट तालुक्याच्या सीमेवर अडावी, हे खेदाचे आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच स्त्रियांना भारतवैद्य म्हणून आरोग्याचे प्रशिक्षण दिले. दिसण्यात अडचण असलेले मूल शाळेच्याही आधी कोणाच्या लक्षात येऊ शकत असेल, तर ते अशाच घरोघरी जाणाऱ्या स्त्रीच्या. तिचा शिक्षकाशी संबंध जोडून देणे हे जाळ्यातले बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

अंध व्यक्तीच्या विद्वत्तेचे उदाहरण म्हणून महाराष्ट्र विदर्भातील संत गुलाबराव महाराजांकडे (1881-1915) पाहतो. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले. पण या गौरवात त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारे आणि त्यांचे बोल उतरवून घेणारे लोक झाकले जातात. प्रतिभा त्यांची होती. वाचणारे कंठ आणि लिहिणारे हात भोवतालच्या माणसांचे होते. प्रतिभावंतांवर विसंबून धोरण आखता येत नाही, कारण सामान्य बुद्धीच्या अंध मुलालाही सामान्य बुद्धीच्या डोळस मुलाइतकेच शिकता आले पाहिजे, आणि त्यासाठी वाचणारे व लिहिणारे योगायोगाने भेटून चालणार नाही.

नळदुर्गच्या बाबतीत दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. हे गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. भोवताली मराठीबरोबर कन्नड, उर्दू आणि लमाणी बोलली जाते. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये मराठी आणि कन्नड 'क' एकाच ठिपक्यांनी लिहिला जातो, त्यामुळे लिपीची अडचण मानतात तितकी मोठी नाही. अडचण प्रशासनाच्या हद्दींची आहे, कारण येथल्या पालकाला डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी सोलापूर सोयीचे पडते आणि कागदपत्रांसाठी धाराशिवला जावे लागते. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक कुटुंबे कारखान्यांच्या फडांवर जातात आणि ब्रेलची बाराखडी अर्धवट शिकलेले मूलही त्यांच्याबरोबर जाते. ते कोठवर शिकले, त्याला कोणते साहित्य दिले, त्याची दृष्टी किती उरली आहे, याची नोंद फडाजवळच्या शाळेपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचवणे आणि तेथील फिरत्या शिक्षकाने पुढचा धडा तेथूनच सुरू करणे, इतके कलम जिल्ह्याजिल्ह्यांमधील करारात सर्वांत आधी लिहिले जायला हवे.