पडणाऱ्याचा दोष किती?

जो मेहनत करील तो वर येईल, ही शिकवण आम्ही शिक्षक मंडळी रोज वर्गात देत असतो. ती खोटी नाही. परंतु मग जो वर आला नाही, त्याने मेहनत केलीच नाही असे समजायचे काय? अमेरिकेविषयी वाचताना हा प्रश्न आम्हाला फार छळतो. या शिकवणीवर एवढी श्रद्धा ठेवणारा आणि तिच्यापायीच एवढा पोळलेला दुसरा देश क्वचितच सापडेल.

'अमेरिकन ड्रीम' हा शब्द जेम्स ट्रसलो ॲडम्स या इतिहासकाराने १९३१ साली रूढ केला. माणूस कोणत्या घरात जन्मला यावर नव्हे, तर त्याच्या कुवतीवर त्याचे आयुष्य ठरावे, असा त्याचा आशय. कृष्णवर्णीयांसाठी हे दार पुष्कळ काळ बंदच होते. तरी असंख्य कुटुंबांसाठी पुढे हे स्वप्न खरे झाले. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला आहे. १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले मोठेपणी आईबापांपेक्षा जास्त कमावू लागली. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण जेमतेम निम्मे राहिले.

ही मुले आळशी निघाली म्हणावे, तर बाकीचे आकडे पाहा. २००० साली अमेरिकेच्या कारखान्यांत सुमारे १ कोटी ७३ लाख लोक कामाला होते. २०१० च्या सुरुवातीला ते १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरले. काही कामे यंत्रांनी घेतली, काही परदेशी स्वस्त मालाने. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीच्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि त्या मंदीत लाखो कुटुंबांची घरे कर्जापायी गेली. यातला कोणता निर्णय यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराने घेतला होता?

तरीही दोष त्याच्याच पदरात पडला. इतरांनी टाकला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने स्वतःही तो मानला. ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञ पतीपत्नींनी २०१५ साली दाखवून दिले की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचे मृत्यू वाढत चालले आहेत, त्यातही कमी शिकलेल्यांचे अधिक. कारणे होती अमली औषधे, दारू आणि आत्महत्या. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि तरी २०१४ ते २०१७ या काळात त्या श्रीमंत देशाचे सरासरी आयुर्मान घटले. नोकरीबरोबर आरोग्यविमा जातो, घर जाते, हे खरेच. पण आम्हाला वाटते, माणसाला आतून पोखरते ती लाज. जिथे यश म्हणजे लायकी, तिथे अपयश म्हणजे नालायकी ठरते, आणि नालायक ठरलेला माणूस मदतीसाठी हातही पुढे करत नाही.

ही लाज आपल्या माणसांनाही चुकलेली नाही. २०२२-२३ मध्ये तिथल्या मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी नोकरकपात केली, तेव्हा एच-१बी व्हिसावर गेलेले आपले इंजिनियरही त्यात सापडले. दुसरी नोकरी शोधायला नियमाने जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नाही मिळाली तर बहुधा सामान बांधायचे. एवढे असूनही, असा मुलगा परत आला की इथले नातेवाईक पहिल्याने काय विचारतात? "तुझ्याकडून काही चुकलं का रे?"

यावर कोणी म्हणेल, सगळा दोष परिस्थितीवर ढकलला तर माणूस हातपाय हलवणेच सोडून देईल. ही भीती पोकळ नाही. पण अमेरिकेनेच त्याचा एक पुरावा समोर ठेवला आहे. कोरोनाच्या काळात, जुलै ते डिसेंबर २०२१, बहुतेक कुटुंबांना दर लहान मुलामागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर मिळत होते. सरकारी मदत जमेस धरणाऱ्या मोजमापानुसार २०२१ साली बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आले. ती वाढीव मदत पुढे चालू ठेवली गेली नाही आणि २०२२ साली तेच प्रमाण १२.४ टक्के झाले. एका वर्षात लाखो आईबाप अचानक कामचुकार झाले काय? आईबाप तेच होते. त्यांच्या पायाखालची फळी तेवढी काढून घेतली गेली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की मेहनत करणे माणसाच्या हाती आहे आणि तिचा जाब त्याला विचारावा. फळ मात्र बाजार, कायदा, जन्माचे घर आणि तकदीर या सगळ्यांच्या हातून येते. जो वर पोहोचला त्याने यातले आपले किती आणि दुसऱ्यांचे किती, हे प्रामाणिकपणे मोजावे. मग खाली राहिलेल्याकडे पाहताना त्याची नजर आपोआप नरम होईल. निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलाची पाठ आपण थोपटतोच. त्याच दिवशी, बापाच्या हातगाडीवर उभे राहून अभ्यास केलेल्या आणि जेमतेम पास झालेल्या मुलाशी आपण काय बोलतो, यावरही आपली परीक्षा व्हावी.