अपैशुन

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना भगवंतांनी दुसऱ्या श्लोकात ‘अपैशुन’ हा गुण सांगितला आहे. पैशुन नसणे ते अपैशुन. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यापुढे उघडे करणे म्हणजे पैशुन, असा शांकरभाष्याचा आशय आहे. असे करणारा तो पिशुन. अमरकोशाने त्यास दुर्जन व खल यांच्याच पंक्तीस बसविले आहे.

“आम्ही खोटे कोठे बोलतो? घडले तेच सांगतो,” असे पुष्कळ गृहस्थ म्हणतात. परंतु त्याच श्लोकात ‘सत्य’ निराळे सांगितले असून ‘अपैशुन’ निराळे. असत्य टाळल्यानेच भागत असते, तर या दुसऱ्या शब्दाचे प्रयोजन उरले नसते. अर्थात् खऱ्या दोषाचीही चहाडी होऊ शकते.

मग दोष दिसला असता मौन धरावे काय? छत्तीसगडात भिलाईनजीक चरोदा येथे रेल्वेचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. अशा ठिकाणी मालगाडीच्या डब्यात बिघाड आढळला, तर त्यावर ‘सिक’ अशी खूण करून त्यास दुरुस्तीच्या रुळावर नेतात. बिघाड झाकल्यास अपघात ओढवेल. म्हणून खूण करणे हे कर्तव्यच होय. पण ती खूण दुरुस्त करणाऱ्यासाठी असते, आणि दुरुस्ती होताच डबा पुन्हा गाडीस जोडला जातो.

संसारातही हाच विवेक हवा. शेजाऱ्याचा मुलगा व्यसनी झाला, तर त्याच्या वडिलांस एकांतात सांगणे हे हित होय. एखाद्या घरी सुनेचा छळ होत असेल, तर तिचे रक्षण करू शकेल त्यास सांगणे हा धर्म होय; तेथे मौन हेच पाप. मात्र तीच गोष्ट नळावर व हळदीकुंकवात चघळली गेली, की मुलगा सुधारला तरी त्याचे नाव सुधारत नाही, आणि सुनेचे दुःख तसेच राहून तिची लाज मात्र चव्हाट्यावर येते.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत याच गुणाच्या विवरणात चिखलात रुतलेल्या गायीचा दृष्टांत आहे. ती दुभती की भाकड, हे सज्जन पाहत नाही. तिच्या क्लेशानेच तो कळवळतो.

तरी दुसऱ्याचे उणे ओठांवर येताच गृहस्थाने स्वतःस विचारावे : ऐकणाऱ्याच्या हाती याचा उपाय आहे काय? नसेल, तर तो शब्द तेथेच गिळावा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥