लाल तारका

परवा एका कापडदुकानाचा ग्राहक-नोंदणीचा अर्ज संगणकावर भरीत होतो. नाव-पत्त्यापर्यंत सारे सुरळीत चालले. पुढे 'मूळ वतन' हा रकाना आला (गुजरातीत वतन म्हणजे गाव, आपल्या इनामदारीशी त्याचा संबंध नाही) आणि त्याच्या डोक्यावर लाल तारका, म्हणजे उत्तर दिल्यावाचून सुटका नाही. यादीत गुजरातचे जिल्हे, शेवटी 'परराज्य'. कुलवृत्तांतातले गाव रत्नागिरीकडचे. पण सहा पिढ्या बडोद्यात गेल्या. बराच विचार करून 'परराज्य' निवडले. ते खोटे नव्हते, खरेही नव्हते.

असे अर्ज रचून देणाऱ्या प्रणाली आता कोणाही व्यावसायिकाच्या हाताशी आहेत. जॉटफॉर्म २००६ साली निघाला, गूगल फॉर्म्स २००८ साली. प्रश्न लिहायचा, 'अनिवार्य' ही कळ सरकवायची, की झाले. छापील अर्जात प्रश्न वाढला की कागद वाढे, आलेली उत्तरे कोणाला तरी वहीत उतरून घ्यावी लागत. म्हणून विचारणाराच आधी विचार करी. शिवाय कागदाला समास होता. रकाना कोरा सोडता येई, आडवी रेघ मारता येई, 'लागू नाही' असे लिहिता येई. कारकून कुरकुरे, पण अर्ज घेई. तारकेने हे मौन हिरावून घेतले आहे.

पत्त्यावाचून माल पोचणार नाही, तेथे तारका रास्तच. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमतीची व्याप्ती कामापुरत्या आवश्यक माहितीपुरतीच ठेवली आहे. परंतु सक्तीने घडलेल्या असत्याचा वाटा कोणाचा? विचारणाऱ्याचा मोठा, असे मला वाटते. मात्र माझा शून्य नाही. अर्ज अर्धवट सोडून उठता आले असते. दहा टक्के सवलतीच्या मोहाने बसून राहिलो.

याच महिन्यात आमच्या मंडळाच्या सभासद-नोंदणीचा अर्ज अशाच प्रणालीवर करण्याचे काम माझ्याकडे आले. जन्मतारखेची तारका मी काढून टाकली. 'मूळ गाव' हा रकाना मात्र कार्यकारिणीला हवाच होता. तो ठेवला, तारकेविना. बहुतेकांनी तो कोराच सोडला आहे. एका वयोवृद्ध सभासदांनी तेवढे लिहिले आहे: बडोदे.