आवाज न करणारं शस्त्र

जंजिरा उभा आहे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, आणि ती खाडी आत थेट म्हसळ्याकडे येते. त्यामुळे इथल्या इतिहासात तोफेचाच दणका मोठा. कलालबांगडी तोफ पाहायला लोक होडीत बसून जातात. खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांमध्ये कातकऱ्यांच्या हाती तिरकामठा होता. त्याची बखर कोणी लिहिली नाही.

शिवकाळापर्यंत कोकणात बंदूक चांगली रुळली होती. इथले हेटकरी शिपाई तर नेमबाज म्हणूनच नावाजलेले. तरीही शिवाजी महाराजांच्या पायदळात दर दहांतल्या एकाकडे बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे, असं इतिहासकार ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवतो. उपयोग छाप्यासाठी, दबा धरून बसण्यासाठी. नवं शस्त्र आलं की जुनं अडगळीत जातं, हा आपला समज या एका नोंदीने डळमळतो. बंदुकीच्या जामगीचा निखारा अंधारात दिसतो, पावसात विझतो, आणि बार उडाला की सगळा गड जागा होतो. पहारेकरी पडल्याचं त्याच्या शेजाऱ्यालाही कळू नये, असं वाटत असेल तर बाणच हवा. हे शहाणपण मूळचं शिकाऱ्याचं. नेम चुकला तरी रान उठत नाही, दुसरी संधी मिळते.

मग फौजांनी धनुष्य का सोडलं? माझ्या मते, पल्ला आणि मारा यांइतकंच कारण माणसाचंही आहे. बंदूकवाला काही आठवड्यांत तयार करता येतो. तिरंदाजाचा हात आणि खांदा लहानपणापासून घडावा लागतो. सरकारांना भरती करता येणारी माणसं सोयीची. धनुष्य उरलं ते पोटासाठी लहानपणीच शिकणाऱ्यांकडे.

पुढे त्यांच्या हातूनही ते गेलं, कारण शिकारच बंद झाली. मुरुडजवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. त्याआधीच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आणली होती. प्राणी वाचायला हवेत, यात वाद नाही. पण नवाबाची शिकार आपण संस्थानी थाट म्हणून कौतुकाने सांगतो आणि कातकऱ्याच्या शिकारीला चोरटी म्हणतो, हे मला खटकतं.

पाऊस सरला की आज अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पोरंही बरोबर असतात. ज्या वयात हात बाणावर बसायचा, ते वय तिथे जातं. आणि शाळेचंही तेच वय असतं.