कपाटाची किल्ली कुणाकडे?

कलामांच्या तसबिरीला हार, मास्क लावलेले चार पदाधिकारी आणि त्यांच्या मागे कुलूपबंद कपाटं. वाचन प्रेरणा दिनाचे, म्हणजे कलामांच्या जयंतीचे, असले फोटो आठवडाभर मोबाइलवर येताहेत. नेमकी त्याच दिवसापासून, १५ ऑक्टोबर २०२०पासून, कोरोनामुळे बंद असलेली ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली. फोटोसाठी दार उघडता येतं, मग वाचकासाठी का नाही?

आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या दारावर मार्चमधली चिठ्ठी अजून तशीच आहे: ‘पुढील आदेशापर्यंत बंद’. पावसानं शाई ओघळलीय. पुढील आदेश येऊन गेला, चिठ्ठी काढायला कुणी आलं नाही.

विचारलं की उत्तर तयार असतं, ‘पुस्तकाला दहा हात लागतात.’ लागतातच! मोंढ्यात सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोजून घेताना त्या नोटांना किती हात लागलेले असतात? त्या कुणी नाकारत नाही. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरलाच उघडले, तिथल्या टेबलाला आणि पेल्याला हात लागतातच. हार घालताना तसबीरही चौघांनी धरली होती. भीती खरी असती तर सगळीकडे दिसली असती. ती फक्त पुस्तकापाशी येऊन थांबते, कारण पुस्तक बंद राहिलं तर कुणाचा धंदा बुडत नाही.

आणि भीतीवर उपाय नाही असंही नाही. अमेरिकेत ग्रंथालयांसाठी मुद्दाम चाचण्या झाल्या. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनी विषाणू सापडला नाही. थप्पी लावलेल्यांवर मात्र सहाव्या दिवशीही सापडला. म्हणजे परत आलेलं पुस्तक वेगळ्या टेबलावर सुटं ठेवायचं, त्यात तारखेची चिठ्ठी घालायची आणि आठवड्यानं कपाटात लावायचं. सॅनिटायझर फवारायचं नाही, पानं खराब होतात. देवघेव खिडकीतून करायची, यादी फोनवर सांगायची. सात महिने बंद कपाटात, तेही अख्खा पावसाळा, पुस्तकं ठेवली तर ओल आणि कसर त्यांचं काय करते, हे ग्रंथपालाला मी सांगायला नको.

अनुदानाची रड खरी आहे. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला २०२० साली वर्षाला ३० हजार, तेही दोन हप्त्यांत. त्यातच ग्रंथपालाचा पगार भागवायचा. ही सरकारला लाज आणणारी गोष्ट आहे. पण खिडकी उघडायला अनुदान लागत नाही. १९३१ साली तमिळ मुलखात, मन्नारगुडीला, बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव नेली गेली. आमच्या परभणी जिल्ह्यात बैलगाड्यांचा दुष्काळ नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो अभ्यासिकांच्या कुलपांचा. टाळेबंदीत पुण्याहून परतलेली पोरं पत्र्याच्या घरात, दोन भावंडांच्या गोंगाटात एमपीएससीचा अभ्यास करताहेत. ११ ऑक्टोबरची पूर्वपरीक्षाही पुढे गेली, म्हणजे आणखी काही महिने हेच. निम्म्या खुर्च्या काढा, सकाळ-दुपार पाळ्या लावा, खिडक्या उघड्या ठेवा. पण त्यांना बसायला जागा द्या.

पदाधिकारी आपणहून हलतील असं मला वाटत नाही. तेव्हा सभासदांनो, या आठवड्यात मास्क लावून आपल्या वाचनालयात जा, वर्गणीची पावती दाखवा आणि पुस्तक मागा. कुलूप असेल तर अध्यक्षांच्या घरी जा. किल्ली तिथेच असते.